वरच्या तळ्याचं पाणी

अल्पाका पाणी पितो तेव्हा आवाज होत नाही. गाय पाणी ओढते, कुत्रा लपलप करतो. अल्पाका वरचा दुभंगलेला ओठ पाण्याला टेकवतो, ओठाभोवती बशीएवढा खळगा पडतो आणि लांब मानेतून घोट वर सरकताना दिसतो, बारीक गोळी सरकावी तसा. त्या मंगळवारी सकाळी भुरी हौदापाशी आली. तिनं ओठ टेकवला, खळगा पडला. मानेतून काहीच सरकलं नाही. तिनं तोंड वर केलं, हनुवटीवरून थेंब गळले, आणि ती वळली. भुरी वळली की बाकीच्या वळायच्याच. सगळा कळप हौदाकडे पाठ करून झाडाखाली जाऊन बसला.

"प्यायली नाही," मी म्हणाले.

दिवाकर कुंपणाच्या तारा ओढून बघत होता. "ऊन लागलं असेल. पोटावर पाणी मार."

"ऊन लागलं असतं तर तिनं हौद रिकामा केला असता."

"मग नखरे. भुरीचे नखरे काय आज बघतेयस? आईवर गेलीये. परवाच कुमुद सांगत होती, सखू पण..."

तो थांबला. ही त्याची जुनी सवय होती. वाक्यात कुमुद आली की पुढचा भाग तो गिळून टाकायचा, आणि ते अर्धं वाक्य मला दिवसभर पुरायचं.

"सखूचं काय?"

"काही नाही. ऊन फार आहे म्हणाली."

मी हौदावर वाकले. पाण्याला वास होता. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीला येतो तसा. रविवारी वरच्या तळ्यातून भरलेलं पाणी होतं ते. मी घरातून काचेची बरणी आणली, ती भरून घेतली आणि हौदाचं आणि त्यामागच्या छोट्या टाकीचं बूच काढून उरलेलं पाणी सोडून दिलं.

"अगं, पाणी काय टाकतेस!" दिवाकर ओरडला. "दुष्काळ आहे!"

"माझ्या टाकीतून भरते," मी म्हणाले.

आमचं फार्म ऑस्ट्रेलियात, कॅनबेरापासून गाडीनं दीड तासावर, एका टेकडीच्या उतारावर होतं. आमचं म्हणजे टेकडीचा खालचा अर्धा भाग. वरचा अर्धा कुमुदचा. कुमुद ही दिवाकरची पहिली बायको. दोघं साक्री तालुक्यातल्या शेजारशेजारच्या गावांतली. दोघांनी मिळून ही टेकडी घेतली, दोघांनी मिळून अल्पाका आणले, आणि मग त्यांचं पटेनासं झालं. घटस्फोटात टेकडी दुभागली, कळप दुभागला. शेततळं मात्र दुभागता येईना. ते कुमुदच्या हद्दीत राहिलं, आणि खालच्या भागाला त्यातून आठवड्यातून एकदा पाणी द्यायचं असं ठरलं. माझी आणि दिवाकरची ओळख त्यानंतरची. लग्न झाल्यावर खालची जमीन आम्ही दोघांच्या नावावर करून घेतली.

त्यांच्या गावांकडे नदीच्या बंधाऱ्याचं पाणी पाळीनं मिळतं. दिवाकरचे आजोबा पाटकरी होते; पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं हे पाहणारे. त्यांचा नियम असा, की पाणी सोडताना देणारा आणि घेणारा दोघांनी तिथं हजर राहायचं, म्हणजे मागून कुणी कुणाला बोलायला नको. तो नियम या दोघांनी ऑस्ट्रेलियात आणला. दर रविवारी सकाळी दिवाकर थर्मासमध्ये चहा घेऊन वर जायचा. कुमुद यायची. तो पाइपाचा व्हॉल्व्ह उघडायचा, आणि आमचा हौद आणि त्यामागची छोटी टाकी भरेपर्यंत दोघं तळ्याकाठी बसून राहायची.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हौदाला बॉलकॉक बसवला. हौद भरला की पाणी आपोआप बंद, रिकामा झाला की सुरू. वरचा व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवला तरी चालेल, थेंब वाया जाणार नाही. दिवाकरला तो फार आवडला. त्यानं तो दोन-तीनदा हातानं दाबून पाहिला.

"आता वर जायची गरजच नाही," मी म्हणाले.

"खरंच की," तो म्हणाला. आणि रविवारी सकाळी मी उठून आले तर तो थर्मास विसळत होता.

मला ते रविवार बंद व्हायला हवे होते. दिवाकरबद्दल माझी दुसरी काही तक्रार नव्हती. तो दारू प्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, माझा वाढदिवस त्याच्या लक्षात राहायचा. फक्त रविवारी सकाळी तो टेकडी चढायला लागला की त्याची पाठ मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायचे, आणि तो वळणावर दिसेनासा झाला की ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासायचे.

मी रसायनशास्त्र शिकले, नोकरी केली पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. दिवाकरला आठवड्यातले चार दिवस कॅनबेराला ऑफिस असायचं, म्हणून नोकरी सोडून कळप मी अंगावर घेतला. पाण्याचं तर सगळंच माझ्याकडे आलं. हिवाळ्यात हौदावर सकाळी बर्फाची पापडी धरायची, ती काठीनं फोडायची. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळायचं. वसंतात पडेल तो पाऊस छपरांच्या पन्हळींतून टाकीत घ्यायचा, सुरुवातीचं धुळीचं पाणी बाहेर सोडून. उन्हाळ्यात काळा पाइप इतका तापायचा की त्यातलं पाणी जनावरं तोंडात घेत नसत. तो मी हळूहळू सगळा जमिनीखाली घातला. कडक उन्हाच्या दिवसांत अल्पाकांच्या पोटावर आणि पायांवर फवारा मारायचा, पाठीवर नाही. पाठीची लोकर भिजली की उष्णता आत कोंडते.

आणि टाक्या. लोकर कातरायच्या शेडला पन्हळ लावून एक मोठी टाकी बसवली. पुढच्या वर्षी घराच्या मागच्या छपराला दुसरी. त्याच्या पुढच्या वर्षी गवताच्या शेडला तिसरी.

"अजून किती?" दिवाकर हसायचा. "तुम्ही सोलापूरची माणसं ना, पाणी दिसलं की भांडं शोधता."

"दुष्काळ आहे," मी म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

त्या मंगळवारी मी बरणी फ्रीजमध्ये ठेवली. रात्रभर न हलवता ठेवायची, आणि सकाळी पाहायचं. साधा गाळ असेल तर तळाशी बसतो. दुसरं काही असेल तर ते वर येतं.

"हे कसलं सरबत?" जिजींनी दूध काढताना विचारलं. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. डिसेंबरात साक्रीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

"तळ्यातलं पाणी आहे. हलवू नका हां."

"कुमुदच्या तळ्यातलं?"

"हो."

"तिच्याकडून काही आलं की तू आधी तपासून घेतेस, नाही?"

मी फ्रीजचं दार लावून घेतलं. जिजी दर बुधवारी वर जेवायला जायच्या आणि त्याचा कुणाला संकोच वाटावा असं त्यांना वाटत नसे. गावी फोन करून सांगायच्या, "माझ्या दोन्ही सुना एकाच बिल्डिंगीत आहेत. एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या." मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला चव आहे, चारू. पण कुमुदच्या हातचं दिवूला अंगवळणी पडलंय. त्याला काय करायचं?"

संध्याकाळी मी दिवाकरला विचारलं, "रविवारी तळ्याचं पाणी कसं दिसत होतं?"

"कसं म्हणजे? पाण्यासारखं."

"रंग?"

"नेहमीचा. मातकट."

"नक्की?"

"चारू, मी दोन तास तिथंच बसलो होतो की."

बुधवारी सकाळी बरणी उघडली. खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ झालं होतं. वर बोटाच्या पेराएवढा हिरवा थर तरंगत होता, ऑइलपेंट ओतल्यासारखा. दिवाकर ऑफिसला निघून गेला होता. मी गमबूट चढवले आणि टेकडी चढले. त्या वाटेनं मी फार क्वचित गेले होते.

तळं निम्म्याहून खाली गेलं होतं. वारा ज्या बाजूला पाणी लोटतो त्या कोपऱ्यात हिरवा दाट लगदा साचला होता. पण माझं लक्ष काठाकडे गेलं. उन्हाळाभर उतरत्या पाण्यानं काठावर रेघा सोडल्या होत्या, एकीखाली एक. वरच्या रेघा पांढुरक्या, नुसत्या मातीच्या. खालच्या रेघांवर निळसर हिरवा पापुद्रा वाळून चिकटला होता. त्या उन्हात पाणी किती वेगानं उतरतं ते मी दोन महिने माझ्या हौदात मोजत आले होते. मी वाकून हिरव्या रेघा पाहिल्या, वितीनं मापल्या. हे काल-परवा आलेलं नव्हतं. तीन आठवडे तरी झाले होते; आमच्या पाइपाचं तोंड खोल पाण्यात होतं, म्हणून खाली हौदात ते आता कुठं पोचलं होतं.

पापुद्र्यापासून हातभर अंतरावर दोन सपाट दगड होते. त्यांच्यामधलं गवत झिजून गेलं होतं.

"अगं बाई, चारू! तू आणि इकडे?" कुमुद मागून आली. उंच, उन्हानं रापलेली, डोक्यावर पुरुषी टोपी, हातात बादली. "आज काय विशेष?"

"कुमुदताई, जनावरं इथून हलवा. आत्ता. पाण्यात विषारी शेवाळ आहे."

तिनं पाण्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावी तसं पाहिलं. बादली खाली ठेवली.

"अरे देवा. हे कधी झालं?"

"रविवारी दिसलं नाही तुम्हाला?"

"रविवारी..." ती आठवू लागली. ती खोटं बोलत नव्हती, खरोखरच आठवत होती. "लक्ष नाही गेलं गं."

"तुमच्या कुणी कमी खातंय? बसून राहतंय?"

"सखू. चार दिवस झाले, उठत नाही. मला वाटलं वय झालं. मी दिवूला सांगितलं होतं, चारूला विचार म्हणून. त्यानं नाही विचारलं?"

"नाही," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी मिळून तिचा कळप तळ्यापासून हाकलला. अल्पाकांना ओरडलेलं चालत नाही. हात पसरून, भिंत होऊन हळूहळू पुढे सरकावं लागतं. कुमुद एका टोकाला, मी दुसऱ्या. तिला काही सांगावं लागलं नाही, मलाही नाही. कुंपणाचं दार लावून झाल्यावर ती मला म्हणाली, "चांगलं जमतं गं तुला." मला आनंद झाला आणि त्या आनंदाचा राग आला.

दुपारी पशुवैद्य येऊन गेला. सखूच्या यकृतावर परिणाम झाला होता. सावली, स्वच्छ पाणी, आणि वाट पाहणं. बाकीच्या दहा जणी अजून धडधाकट होत्या, पण त्यांना तळ्यावर पुन्हा सोडलं तर राहणार नाहीत असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी कुमुद खाली आली. मी त्या घरात राहायला आल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती. फाटकाबाहेर उभी राहिली.

"आत ये ना गं! अशी काय उभी परक्यासारखी?" जिजी व्हरांड्यातून ओरडल्या.

"नको जिजी. आज मागायला आलेय." तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे घराची एक टाकी आहे, ती तळाला गेलीये. पाण्याच्या ट्रकवाल्याला फोन केला, तो पंधरा दिवसांच्या आत येत नाही म्हणतो. अकरा जनावरं आहेत, चारू."

मी बोलायच्या आत दिवाकर म्हणाला, "त्यात मागायचं काय? टाक्या भरलेल्या आहेत की! चारूनं तीन-तीन भरून ठेवल्यात."

त्याच्या आवाजात अभिमान होता. मी साठवलेलं पाणी तो तिच्यासमोर मांडत होता.

"देईन," मी म्हणाले. "पण टाकीच्या नळाला हात मी लावणार. रोज सकाळी ट्रेलरवरचा ड्रम मी भरून देईन. तेवढ्यात भागवायचं. आंघोळ, झाडं, काही नाही."

"कबूल," कुमुद म्हणाली. ती तिन्ही टाक्यांकडे पाहत होती, एकीवरून दुसरीवर. "माझ्या तळ्याशिवाय तुझा कळप कधीपर्यंत निघेल?"

"पाऊस येईपर्यंत."

"आणि दोन्ही कळप?"

"काटकसर केली तर तेही."

तिनं मान हलवली.

दिवाकरनं रजा टाकली. जुलैत पाइप फुटले तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. गुरुवारी सकाळी मी ड्रम भरला, तो ट्रेलर घेऊन वर गेला आणि दुपारी आला. शुक्रवारी ड्रम भरताना पाहिलं, तर त्याच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. त्याला हाका मारेपर्यंत तो निघून गेला होता. मी नवा वायसर आणि पाना घेतला आणि मागोमाग चालत वर गेले.

ट्रेलर कुमुदच्या शेडबाहेर उभा होता. शेडच्या अर्ध्या भिंतीवरून आत दिसत होतं. सखू पाय पोटाखाली घेऊन बसली होती, मान खाली. तिच्या एका बाजूला दिवाकर, दुसऱ्या बाजूला कुमुद. कुमुद ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती. दोघं बोलत नव्हती. मी जिथं थांबले होते तिथं बराच वेळ थांबले, कारण मला त्यांचं बोलणं ऐकायचं होतं, आणि ते सुरूच होत नव्हतं. कुमुदनं वर न बघता हात पुढे केला. दिवाकरनं वर न बघता तिच्या हातातलं फडकं घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं, परत दिलं. पुन्हा तसंच. मग पुन्हा.

आमच्या घरी एखादी वस्तू हवी असली तर मी म्हणायचे, "दिवाकर, जरा ते देतोस?" आणि तो म्हणायचा, "काय? हे?"

आता इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यात ते फडकं जसं फिरत होतं ते मला दिसतं.

दिवाकरनं मला पाहिलं. "ये ना," तो म्हणाला. "बघ, कान हलवतेय आज." तो दचकला नाही, घाईनं उठला नाही. तो दचकला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी वायसर बदलला. निघाले तेव्हा कुमुद फाटकापर्यंत सोबत आली.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"या टाक्या तू दुष्काळासाठी नाही बसवल्यास."

मी पाना पुसत राहिले.

"तुला वाटलं, माझं पाणी लागलं नाही की दिवू वर यायचा थांबेल."

"थांबला नाही," मी म्हणाले.

"नाही."

"तुम्हाला तो परत हवाय का?"

ती मोठ्यानं हसली. "छे गं! अकरा वर्षं काढलीत मी त्याच्याबरोबर. तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो ना, अजून?"

"टाकतो."

"मग!" तिचं हसणं ओसरलं. "पण तो रविवारी आला नाही तर आठवडा सुरू झाल्यासारखा वाटत नाही मला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

"काय बोलता तुम्ही दोघं, दोन-दोन तास?"

"काहीच नाही. आधी भांडायचो. पहिलं वर्षभर तर इतकं भांडलो, की जनावरं लांब जाऊन बसायची. मग भांडण संपलं. आता नुसतं बसतो."

"तीन रविवार पाणी हिरवं होतं, कुमुदताई. तुमच्या पायांपाशी."

तिनं तळ्याकडे पाहिलं. तिथून ते दिसत नव्हतं, नुसता बांध दिसत होता.

"तीन?"

"तीन."

मला कसं कळलं ते तिनं विचारलं नाही. ती पाण्यावर वाढलेली होती. सात-आठ वर्षांची असल्यापासून बापाबरोबर पाटावर जायची, हे जिजींनीच मला सांगितलं होतं. फाटकाची कडी तिनं उगाचच काढली, लावली.

"मला वाटलं होतं, आम्ही पाणीच बघत बसतो," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी दिवाकर टेकडीवरून जवळजवळ पळत खाली आला. सखू उठली होती. चार पावलं चालली होती आणि तोंड घालून पाणी प्यायली होती. "तुझ्या पाण्यानं वाचली!" असं म्हणून त्यानं मला खांद्याला धरून हलवलं. जिजींनी देवापुढे साखर ठेवली. मलाही बरं वाटलं. सखू भुरीची आई होती, आणि तिचा काही दोष नव्हता. त्या रात्री दिवाकर गाढ झोपला.

रविवारी सकाळी मी ड्रम भरून दिला. त्यानं तो वर पोचवला, तासाभरात परत आला, हातपाय धुतले, चहा टाकला. मी टेबलाशी बसून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचत होते. त्यानं चहा गाळला. कपात नाही, थर्मासमध्ये.

"आज पाणी सोडायचं नाहीये," मी म्हणाले.

"माहितीये."

"सखू बरी आहे. पाणी तू आत्ताच देऊन आलास."

"हो."

"मग?"

त्यानं झाकण फिरवलं. तो खरंच विचारात पडला.

"जाऊन येतो," तो म्हणाला.

खिडकीशी उभी न राहता मी बाहेर गेले. टाकीच्या बाजूनं बोटाच्या पेरानं ठोकत खाली आलं, की जिथून आवाज बदलतो तिथपर्यंत पाणी असतं. शेडची टाकी ठोकली, घरामागची ठोकली, गवताच्या शेडची ठोकली. कुमुदच्या कळपाला पंधरा दिवस द्यायचं, तोवर तिचा ट्रक येईल. त्यानंतर आपला कळप, जिजी, मी. स्वयंपाक, कपडे, हौद. एप्रिलच्या शेवटापर्यंत निघत होतं, आणि एप्रिलमध्ये थोडा तरी पाऊस होतोच. मला समाधान वाटलं. खात्री म्हणून मी मनात पुन्हा आकडे मांडले, आणि तेव्हा लक्षात आलं की दोन्ही वेळा मी दिवाकरला त्यात धरलं नव्हतं.

विसरले नव्हते. मी आकडे विसरत नाही. पहिली टाकी बसवली तेव्हा शेडचं छप्पर मापलं होतं, पावसाची सरासरी काढली होती, आणि रोजचं पाणी किती लागेल ते मांडलं होतं. ते सगळं मला पाठ होतं. त्यातही तो नव्हता. कुमुदला वाटलं होतं की तिचं पाणी तोडायला मी टाक्या बसवल्या. मलाही तीन वर्षं तसंच वाटत आलं होतं.

मी शेडच्या सावलीत बसले. भुरी आली, माझ्या टोपीचा वास घेतला आणि हौदावर गेली. ती प्यायली. मी पाहत राहिले. वर, टेकडीच्या माथ्यावर, सगळं शांत होतं. तिथं आता दोघंजण दोन दगडांवर बसली असतील, समोर ते घाण पाणी, आणि ती त्याच्याकडे बघत असतील किंवा नसतील. इतके दिवस हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मी भांडी घासायला घ्यायचे. आजही ते आलं. पण आज मी त्या चित्रात जाऊन त्यातल्या एकाला उठवायचा प्रयत्न केला नाही.

दिवाकर परतला तेव्हा जिजी भाकरी थापत होत्या. तो बाहेरच्या नळाशी बूट धूत होता. नळ त्यानं फार मोठा सोडला नव्हता. पाण्याचं भान त्याला होतं. तो चांगला माणूस होता.

"सखू गवत खायला लागली, जिजी!" त्यानं बाहेरून सांगितलं.

"बरं झालं बाबा. ये, गरम आहे तोवर बस." जिजींनी पिठाचा गोळा हातावर घेतला आणि मला विचारलं, "चारू, अजून किती टाकू? वर खाऊन आलाय का हा, काय माहीत."

दिवाकर हात पुसत दारात आला. टॉवेल खुर्चीवर टाकला. माझ्याकडे पाहून हसला.

"दोघींपुरत्या बास, जिजी," मी म्हणाले. त्यांचा हात पिठावरच थांबला. मी दिवाकरकडे वळले. "तू आता इथं राहू नकोस, दिवाकर. कळप इथं राहील, आणि मी इथं राहणार आहे."